एका ‘ह’ची भानगड

चेलुवी,

मी शिडी आणि रंगाचा डबा घेऊन मंगल कार्यालयात पळतोय. व्याही अकराला घरी येतील. त्यांना उप्पिट्टू वाढ, कॉफी दोनदा दे, पण माझा फोन येईपर्यंत तिकडे सोडू नकोस.

आपण मंड्याचे लोक ‘ह’ खातो, असं तुझी मास्तरीण बहीण जन्मभर टोचते ना? म्हणून तिथल्या दारावरच्या फलकावर ‘आदराचं स्वागत’ लिहिताना मी मुद्दाम ‘ह’ घातला. खात्रीला कन्नड डिक्शनरी उघडली. ‘हादर’ शब्द सापडला, मी खूश! अर्थ वाचतो कोण? सकाळी आपल्या लेकीनं, भाग्यानं, तो वाचला. हादर म्हणजे व्यभिचार!

वॉचमन निंगप्पाला फोनवर म्हटलं, फलक उतरव. तर गाढव हसतोय, “अण्णा, मला थट्टेत मिठाचा पेढा चारलात, आता तुमचं कोण ऐकणार?” (पेढा फक्कड जमला होता, ते सोड.)

पोरगी दार लावून रडतेय. तिला वाटतं, तिच्या साखरपुड्यात बापानं मुद्दाम केलं. डिक्शनरीत त्या पानावर खुणेला बसचं तिकीट ठेवलंय, तेवढं तिला दाखव. म्हणावं, थट्टेसाठी तुझा बाप कधी अभ्यास करेल का गं?

बोरेगौडा