टाकी मागं ठेव

पेठ वडगाव, ८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादांस, संयोगिताचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, आईचं सोडून. मणक्यातली गाठ काढता येणार नाही, फिरवायचं असेल तर संक्रांतीच्या आत फिरवून आणा, असं डॉक्टर म्हणाले. आईनं लगेच हुकूम काढला: तुम्ही तिच्यासाठी बांधलेला डबा गाडीला जोडायचा आणि तिला वेंगुर्ल्याचा समुद्र दाखवायचा. चार वर्षं शेडमध्ये उभं असलेलं ते चाकांवरचं घर तिनं परवा धुऊनही घेतलं.

अडलंय ते ओढायच्या गाडीपाशी. पृथ्वीराज म्हणतो पिकअपच हवी, तिचे स्प्रिंगचे पाटे हुकावरचा भार पेलतात. ह्यांचं म्हणणं, पिकअपच्या दणक्यांनी आईची पाठ जाईल, एसयूव्ही नेऊ. पण डबा जोडला की तिचं मागचं अंग खाली बसतं. मेहुणे-मेहुणे हट्टाला पेटलेत. हजार ट्रॉल्या बांधणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा, असं आईनं ठरवलंय. तुरुंगात असूनही घरात तुमचंच चालतं, हे वाचून फार फुगू नका.

माया आहेच, ती तशीच ठेवा.
तुमची संयोगिता

कळंबा कारागृह, १७ नोव्हेंबर

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

इथं पत्र आधी साहेब वाचतात. तुझ्या आईची बातमी माझ्याआधी त्यांना कळली, याचा राग आला. पण रागानं पान्हा उगारला आणि एक माणूस गेला, म्हणून तर मी इथं आहे. राग गिळला.

एसयूव्हीच न्या. तिला एकही खड्डा लागता कामा नये. पृथ्वीराजला म्हणावं, बापाला धंदा शिकवू नको. गाडी बसते त्याला उपाय आहे. उसाच्या ट्रॉलीचा भार हुकावर आला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, म्हणून आपण भार मागं सरकवतो. तेच करा. पाण्याची टाकी पुढून काढून मागच्या भिंतीला बसवा, गाद्याही तिथंच टाका. हुक एका हातानं उचलला गेला पाहिजे. टाकी नेसरीला, तिच्या माहेरी, काठोकाठ भरून घ्या.

तिला सांग, समुद्रात एक पाय माझ्या नावाचा बुडव.
तुझा बाप,
गणपतराव

पेठ वडगाव, ३० डिसेंबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

स्मशानात तुम्ही पोलिसांच्या मध्ये उभे होतात, बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आंबोलीच्या उतारावर समोरून ट्रक अंगावर आला. ह्यांनी गाडी कडेला घेतली, डबा कठड्यावर आपटला आणि गाडी उलटली. ह्यांचा पाय मोडलाय.

नेसरीत आई फार खुशीत होती. गाडी पाळण्यासारखी चालते, ह्येंचं डोकं हाय की, असं तुमच्याबद्दल मामांना चारदा म्हणाली.

तुमचं काही चुकलं नाही. पृथ्वीराज पत्र लिहिणार म्हणतोय, ते मनावर घेऊ नका. डबा निपाणीच्या सिद्धाप्पांनी मागितलाय. दुरुस्त करून ते घरच्यांना घेऊन फिरणार आहेत.

जेवत जा, एवढं मागणं.
संयोगिता

कळंबा, १२ जानेवारी २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

पृथ्वीराजचं पत्र आलं नाही. गरजही नव्हती. बराकीत कंटेनर चालवलेला एक मृत्युंजय आहे, त्याला मी सगळं सांगितलं. टाकी कुठं होती, एवढंच त्यानं विचारलं. मागं म्हटल्यावर त्यानं बोटानं फरशीवर गाडी आणि डबा काढला. मग म्हणाला, ट्रॅक्टर वीसच्या वेगानं जातो म्हणून तिथं खपतं. गाडी पन्नास-साठला गेली आणि मागं जड असलं, की उतारावर डबा झुलायला लागतो आणि गाडीलाच फिरवतो. हुकावर भार लागतोच. पिकअपनं तो पेलला असता. पोरगं बरोबर होतं.

ट्रक नव्हता ना? लहानपणी फुटलेली कपबशी मांजराच्या नावावर घालायचीस, तसा हा ट्रक आणलास. पहिला माणूस माझ्या रागानं गेला, त्याची शिक्षा भोगतोय. तुझी आई माझ्या मायेनं गेली, त्याला इथं कलम नाही.

सिद्धाप्पांना डबा द्यायच्या आधी टाकी पुढं घे. काम पृथ्वीराजकडून करून घे आणि बाप चुकला म्हणून सांग. आणि मला खरं काय ते लिही.

जमेल तेवढी माया राहू दे.
गणपतराव

पेठ वडगाव, १९ जानेवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

टाकी पुढं घेतली. पृथ्वीराजनं स्वतः जोडली, जोडताना रडला.

ट्रक नव्हता. पण तो मी आणला नाही. दवाखान्याच्या वाटेवर आईला शुद्ध होती. डबा झुलताना तिनं आरशात बघितला होता. माझा हात धरून म्हणाली, त्यांना सांग, समोरनं ट्रक आलता.

तुमची,
संयोगिता