हॅलम साहेबाचा खांब

१९ मे १९७४
वही, रागावू नकोस. वादळाला आठ दिवस झाले आणि मी आज लिहायला बसलो. शाई वाळली होती.
निंबाचं झाड कर्नल हॅलम साहेबाच्या खांबावर पडलं. शंभर वर्षांचा खांब, तीन तुकडे. तीस वर्षं मी या गोऱ्यांच्या कब्रस्तानाचा चौकीदार, माझी चूक कुठे? कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, ८ जूनला साहेबाची पणती लंडनहून येऊन राहिली, तोवर खांब उभा नसला तर बळीराम, फाटकाजवळची खोली खाली कर.
बायको, कौसल्या, घाबरली. मी नाही. झोप लागत नाही ती उकाड्याने.

२४ मे
देवाजी मिस्त्री भेटला. तुकड्यांत सळई घालून जोडू म्हणाला. सळईला गंज लागू नये म्हणून नारिंगी प्रायमर. आठ दिवसांचं काम. खोली वाचली.

२ जून
दोन तुकडे जोडले. तिसऱ्याचा चुराच झाला होता. खांब कमरेएवढा राहिला, पण मजबूत. आभाळ आलं. जोड भिजेल म्हणून उरलेला सगळा प्रायमर दगडालाच फासला. हे देवाजीला सुचलं नसतं. पांढरा रंग उद्या.

३ जून, सकाळी ७
दगडापुढे नारळ, उदबत्ती. दोन बाया हात जोडून उभ्या. म्हटलं, बाई, हा शेंदूर नाही, प्रायमर आहे, खाली साहेब आहे. एक म्हणाली, असू दे गा, त्यालेही पावला असन.
देवाजी आला आणि फाटकातच चपला काढल्या. देवाले पांढरा रंग मी नाही लावत म्हणे. समजावलं. कालच तू सिमेंट थापलंस ना? म्हणे, काल देव नव्हता.
कौसल्या म्हणाली, छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, अन् आता म्हातारपणी नवा काहून घडवून राहिले?
मी पांढऱ्या रंगाचा डबा खोलीत ठेवायला गेलो. कामात होतो.

५ जून
रांग. भजन. देवाजी नरखेडच्या गाडीत बसून गावी पळाला. माझी छन्नीही नेली. हरकत नाही. रंग मीच खरवडतो. मी बौद्ध माणूस, मला कसली भीती?

६ जून
उलथनं घेऊन बसलो. एकच ओरखडा काढला. हात थांबला. संधिवात.
'माफ कर' असं काहीतरी तोंडून गेलं. कोणी ऐकलं नाही.

८ जून
मॅडम आली. हातात जुना फोटो, त्यात उंच पांढरा खांब. सगळं कब्रस्तान दोनदा फिरली. सेक्रेटरींनी शेवटी बोट दाखवलं. ती दगडावर साहेबाचं नाव शोधत राहिली. नाव प्रायमरखाली. एका बाईने तिला कुंकू लावलं, हातावर खोबरं ठेवलं. ती खोबरं धरून रडली.
मी सांगणार होतो, पांढरा रंग आणलाय, डबा खोलीत आहे.

१५ जून
किल्ली दिली. खोलीत आता भजनवाल्यांचे टाळ आणि पेटी ठेवणार. कौसल्या सामानावर बसून आहे. निघताना तिने दगडाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.
देवाजीला कार्ड टाकतो: छन्नी राहू दे. वाडीच्या गोदामात तुझा साळा आहे ना? पहाऱ्याची जागा असली तर लवकर कळव गा. पाऊस सुरू झाला आहे.