बांधावरचे दोन ठिपके

शिराळ्याजवळून,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तुझं बोलणं कळत नाही. फौजेतल्या तोफखान्यानं माझे कान नेले ते नेलेच, म्हणून लिहीत जा.

शेजारच्या नानासोचं वासरू बिबट्यानं आपल्या उसात ओढून नेलं. गाव भेदरलं आहे. आकारामचा जावई लग्नांचं शूटिंग करतो, त्यानं उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन आणला. भर दुपारी अर्धा तास फिरवला, एक जीव दिसला नाही. उसाचा फड मोकळा आहे असं सगळ्यांनी ठरवलं.

सध्या मोटारीची वीज पहाटे पाचला येते, तेव्हा पाणी पाजायला जातो. तुझी आई म्हणते, मागनं वाघ आला तरी ह्यास्नी ऐकू यायचं न्हाई. लय भित्री. चहा झाला की ती अंगणातून नेहमीसारखा बॅटरीचा उजेड तीनदा मारते, मग मी परततो. काळजी नसावी.

तुझे आबा

पुणे,
ता. ६ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांना उत्कर्षाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आईला फोन केलाच आहे. पण तुम्ही तिचं ऐकत नाही, लिहिलेलं तेवढं मानता, म्हणून आजच स्पीड पोस्टानं पाठवते. फड मोकळा आहे असं समजू नका.

डोळ्यांना दिसतो तो प्रकाशाचा अगदी लहान तुकडा. आकाशातले धुळीचे ढग त्यात नुसते काळे दिसतात. तेच अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या प्रकाशात पाहिले की आत जन्मणारे तारे दिसतात. गार वायू रेडिओ लहरींत सापडतो, अतितप्त वायू क्ष-किरणांत. एका प्रकाशात काही दिसलं नाही म्हणून तिथं काहीच नाही, असं आम्ही आकाश अभ्यासणारे कधी लिहीत नाही.

अवरक्त दुर्बिणीचा कॅमेरासुद्धा आम्ही बर्फाहून कितीतरी गार ठेवतो, नाहीतर त्याच्याच उबेत तारा बुडतो. तुमच्या ड्रोनचं तेच झालं असणार. दुपारी माती, पाचट, दगड सगळंच बिबट्याइतकं तापलेलं, त्यात तो वेगळा कसा दिसावा? पहाटे जमीन गार असताना उडवा. तोवर फडाकडे जाऊ नका. मला फार भीती वाटते आबा.

आपली लाडकी आणि तुमच्याइतकीच हट्टी,
उत्कर्षा

शिराळ्याजवळून,
ता. ११ फेब्रुवारी

चि. उत्कर्षा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. आकारामच्या जावयाला वाचून दाखवलं. आपल्या अंगणातून सोमवारी, म्हणजे काल, पहाटे ड्रोन उडवायचा असं ठरलं होतं.

तुला खोटं कशाला सांगू. पाण्याची पाळी चुकेल म्हणून मी कुणाला न सांगता बांधावर जाऊन बसलो होतो. थोड्या वेळानं अंगणातून उजेड आला, तीनदा. आज चहा लवकर झाला म्हणत मी रमतगमत आलो.

चहा झालाच नव्हता. तुझ्या आईच्या मुठीतून बॅटरी सुटत नव्हती. जावयानं पडदा दाखवला. काळ्या फडाच्या कडेला दोन पांढरे ठिपके होते. एक मी, बसलेला. दुसरा माझ्या पाठीमागं, बारा पावलांवर. सगळे ओरडत होते म्हणे. मला काही ऐकू आलं नाही.

आता पिंजरा लावला आहे. त्या दोन ठिपक्यांचा फोटो सोबत पाठवतो, घरात ठेवायला नको वाटतो. त्याआधीच्या सहा पहाटा मी त्याच जागी बसलो होतो, उत्कर्षा. तेव्हा वर कॅमेरा नव्हता.

रविवारी ये आणि कानाच्या यंत्रासाठी मला सांगलीला ने. माया आहे तशीच ठेव.

तुझे आबा