दगड्याचा खांदा

६ नोव्हें.
ऑनलाइन अ‍ॅनिमेशन क्लासचे सर म्हणाले, पात्रं घडवायची तर दुसऱ्याच्या सिनेमातून उचलू नका, आपल्या गावातून उचला. आमच्या चिखला गावात उचलण्यासारखं काय, तर खाणीतलं मँगनीज. तरी बसले. खाणीत हरवलेली पोर आणि तिच्या मागावरचा राक्षस, दगड्या. पोर अजून दुकानातल्या बाहुलीसारखीच दिसते. दगड्या मात्र एका बैठकीत उतरला. डावा खांदा पडलेला, मान एका बाजूला, हात नुसते लोंबते. कुठून आला कोण जाणे. मी स्वतःवर बेहद्द खूश.

९ नोव्हें.
सरांची कसोटी: पात्र पूर्ण काळं भरा आणि कुणालाही दाखवा. नुसत्या आकारावरून ओळखलं तर जमलं. भरलं. डोळे, सुळे, सगळं काळ्यात गेलं. आई तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे लॅपटॉप धरला. म्हटलं, आता घाबरेल.
"हे त तुये बाबा," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली. "असे काहून काळे केले त्यायले?"
मी लॅपटॉप मिटून टाकला.

९ नोव्हें., संध्याकाळ.
बाबा खाणीतून आले, दारात उभे राहिले. तोच खांदा. ड्रिलच्या आवाजानं एक कान गेलाय, म्हणून मान कललेली. बावीस वर्षं बघतेय आणि मला दिसलं नाही?
लहानपणी ते शिफ्टवरून आले की मी झोपेचं सोंग घ्यायचे. कधी बोटही लावलं नाही त्यांनी. मग भीती कसली होती?

११ नोव्हें.
दगड्याचा खांदा सरळ केला, मेलाच तो. मान सरळ केली तर बँकेचा शिपाई. सरांना सांगून टाकलं, हे माझे बाबा निघाले. "अरे, हेच तर पाहिजे. हात लावू नका." पुण्याच्या स्टुडिओला १५ला पाठवायचंय, नोकरीचा प्रश्न आहे. सरांचं काय जातं. त्यांचे बाबा थोडेच आहेत त्यात.

१४ नोव्हें.
बाबांची सुट्टी. आंघोळ करून येते तर ते लॅपटॉपसमोर. स्क्रीनवर दगड्या, रंगीत, सुळ्यांसकट, आणि त्याच्यापुढे पळणारी पोर.
"कोन हाये हा?"
"राक्षस. गोष्टीतला."
बघत राहिले. "थकला दिसते."
मग पोरीवर बोट ठेवलं.
"पोरीच्या मांगं कायले लागला?"
"तिले खायले."
लिहितानाही लाज वाटतेय. बाबांनी चांगला कान माझ्याकडे केला होता, म्हणजे ऐकू गेलं. म्हणाले, "घरी न्याले आला असन तिले." आणि उठून अंगणात गेले.
ओळखलं का त्यांनी? विचारायची हिंमत नाही.
उद्या पाठवायचं. सुळे काढले, परत लावले. काढले तर गोष्टच बदलते, पोर पळते ती कायले मग. ठेवले तर ते बाबांच्याच तोंडात...