पांढऱ्या फितीपलीकडची माती

इटली, मार्च १९४४

तीर्थरूप लालासाहेबमामांना आकारामचा नमस्कार.

तुमच्या कृष्णाताचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, हे आज सकाळी इस्पितळाच्या डॉक्टरांनीच सांगितलं. जिवाचा धोका टळला आहे.

कराचीहून तीन दिवस विमानात काढले. उतरलो तेव्हा कान बंद होते आणि जमीन डुलत होती. मुलूख परका, पण धावपट्टीच्या कडेचं रान आपल्या लोणंदसारखं काळं. "आक्या, गव्हाची माती हाय रं ही," कृष्णात म्हणाला. मध्ये खुंट्यांना पांढरी फीत बांधलेली होती. मला वाटलं, कुणाचा तरी बांध असेल. मी हसून म्हणालो, "मग बघ की मूठभर. कोण मालक भांडाय येतोय?"

ती फीत पेरलेल्या सुरुंगांची खूण होती.

पलटणीच्या साहेबांना मी सांगितलं, तो आपणहून गेला. स्ट्रेचरवर त्यानं ते ऐकलं आणि मला खोटं पाडलं नाही. तुम्ही त्याला माझ्या हवाली केलं होतं, म्हणून हे लिहिलं. पण टपालात टाकायचा धीर होत नाही.

उद्याच्या विमानानं तो परत निघेल. कराचीच्या इस्पितळातून सुटला की महिनाभरात तुम्ही त्याला लोणंदच्या स्टेशनावर उतरवून घ्याल आणि पहिलं हेच विचाराल, "कसं झालं रं?"

तुमचा भाचा,
आकाराम