मधलीचा तिसरा हिस्सा

मी, थोरल्याची धाकटी आणि धाकटीची थोरली बहीण, घरात जिला सगळे मधली म्हणतात ती, उद्या पोटाच्या ऑपरेशनसाठी भरती होण्यापूर्वी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. जीव मात्र टांगणीला लागला आहे, आणि तो ऑपरेशनमुळे नाही.

१. वडिलांनी दोरखंडाचा कारखाना आणि मागची गोदामं आम्हा तिघांत समाईक ठेवली. थोरला आणि धाकटी या दोघांच्या सह्यांशिवाय काही करता येऊ नये, असा पक्का दस्त केला. लोक म्हणतात, त्या दस्तामुळे मालमत्ता टिकली. डोंबल टिकली! नव्या यंत्रावरून भांडले तेव्हापासून हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत निरोप मी नेते. दादा म्हणतो, "चोर आहे ती." मी खाली सांगते, दादा हिशेब एकदा बघू म्हणतोय. ती म्हणते, जीव गेला तरी सही देणार नाही. मी वर सांगते, विचार करते म्हणाली. अशाने यंत्रं आली, भाडी वाढली, कामगारांचा पगार कधी थकला नाही.

२. माझा तिसरा हिस्सा दादाची मुलगी आणि धाकटीचा मुलगा यांना मिळून, वाटणी न करता. त्यांचं पटतं. ते मोडू नये, ही विनंती नाही, अट आहे.

३. बचतीतून म्हाताऱ्या मुकादमाचं औषधपाणी व्हावं. शिलाई मशीन चुलत वहिनी सोडून कोणालाही द्यावी. मी धडधाकट असतानाच तिने ती मागून ठेवली आहे.

४. दादा आणि धाकटीला मी काहीच ठेवलेलं नाही. रागावू नका. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीला तुम्ही दोघंच हवे आहात, एका टेबलाशी. सह्यांआधी मी हे सगळं मोठ्याने वाचणार आहे, माझ्या खोट्या निरोपांसकट. फार भीती वाटते. ऐकून तरातरा निघून गेलात, कोर्टात वाटणी मागितलीत, तर वडिलांचं सगळं मातीमोल होईल. पण मी नसताना तुम्ही पहिल्यांदा एकमेकांचं खरं ऐकलंत, तर मध्ये पडायला कोण असेल? निदान आज मी आहे.

ठिकाण: कारखान्याची वरची खोली
तारीख नऊ, बुधवार
सही: मधली

साक्षीदार:

थोरला भाऊ. सगळं ऐकून सही केली.

धाकटी बहीण. दादा सही करत होता, कागद मी धरला.