पाच तारांचा बेस, तिसरा मजला

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

ईराच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा विशाल नोकरी लागून हैदराबादले चालला गेला. एकवीस डिसेंबरले तेलीबांधा तलावाजवळच्या एका कॅफेच्या अंगणात यांचा कार्यक्रम आहे. ईरा गाते, भार्गव साधी गिटार वाजवतो, गौतम ड्रम्स. जेवताना ईरा आईले सांगून राहिली होती की आता बेस कोण वाजवणार समजत नाही. मी वरणावर तूप घेता घेता म्हटलं, मी आहे ना.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे विचार करून राहिल्या.

कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी दीड वर्ष बेस वाजवला आहे. पोहणं आणि बेस, एकदा आलं की आलं. शिवाय दोन जानेवारीले पोट्टी नोकरीसाठी पुण्याले जाते. बाप-लेकीनं एका स्टेजवर उभं राहायचं तर हाच मोका.

ठराव : रोज सकाळी साडेपाचले उठून एक तास रियाज.

४ नोव्हेंबर

उठलो नाही. घरात बेसच नाही तर रियाज कशाचा.

ऑफिसात दिवसभर कंबर दुखली. एक्कावन्न म्हणजे काही वय नाही, खुर्ची खराब आहे.

५ नोव्हेंबर

ईरा म्हणाली, ठीक है पापा, देखते हैं. हे लेकरू मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देते. पण हो म्हणाली.

९ नोव्हेंबर, शनिवार

बेस घेतला. दुकानात दीपमाला नावाची एक मुलगी होती, पंचविशीची. तिनं आधी माझे हात पाहिले आणि मग एक आखूड मानेचा चार तारांचा बेस काढला. म्हणाली, अंकल, आपके हाथ के हिसाब से ये ठीक रहेगा, वजन में भी हलका है. मी म्हटलं, बेटा, मी यातला जुना माणूस आहे. पाच तारांचा दाखव.

तिनं विचारलं, पांचवां तार आपके कौन से गाने में लगेगा. मी म्हटलं, लागन तेव्हा असली पाहिजे. यावर तिनं पाच तारांचा काढला.

काळा, चकचकीत. साडेचार किलो. घरी येईपर्यंत डावा खांदा खाली आला होता. विनोदिनी म्हणाली, तुम्ही वाकडे काहून चालून राहिले. बेस आत नेऊन ठेवला. बायकोले सगळं सांगायचं नसते.

१० नोव्हेंबर, सकाळी ६.१०

रियाज सुरू. पाचवी तार इतकी जाड आहे की तिच्याच आडून बाकीच्या चार शोधायच्या आहेत.

६.२५. दोन बोटांले फोड. आज इतकंच. पहिल्या दिवशी जास्त करू नये.

१३ नोव्हेंबर

भार्गवनं त्याचा छोटा गिटारचा अँप्लिफायर दिला होता. अंकल, ये गिटार का है, बेस पर आवाज कम रखना, असं म्हणाला होता. पण कमी आवाजात बोटं काय करून राहिली हे माणसाले समजणार कसं. पूर्ण फिरवला. तिसऱ्या दिवशी त्यातून फर्र फर्र येऊन राहिलं, पापड भाजल्यासारखं.

भार्गव येऊन घेऊन गेला. कोई बात नहीं अंकल, म्हणाला. पोट्टा चांगला आहे. सामान मात्र हलकं वापरतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःचा अँप्लिफायर घेतला. खास बेसचा, शंभर वॅट. दीपमाला म्हणाली होती की घरच्या रियाजाले वीस वॅटचा पुरे, स्टेजवर तर साउंडवाला बेसची लाइन सरळ मिक्सरमध्येच घेते. मी म्हटलं, स्टेजवरची गोष्ट वेगळी असते.

वीस किलो. आमच्या समता कॉलनीतल्या बिल्डिंगले लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर अनंतरावांच्या दारासमोर मी आणि अँप्लिफायर दोघंही बसलो. अनंतराव अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांनी खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, कूलर काय? थंडीत काहून घेतला? समजावून सांगायले दम नव्हता. हव म्हणून टाकलं.

अर्ध्या तासानं ईरा बाहेरून आली. तिनं एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या. ती मागून, म्हणजे खालून. वजन तिच्याकडे जास्त जाऊन राहिलं हे वर पोहोचल्यावर लक्षात आलं.

१८ नोव्हेंबर

अनंतराव जिन्यात भेटले. म्हणाले, श्यामकांत, तुमचा कूलर सुरू झाला की माझ्या शोकेसमधल्या कपबशा वाजतात. रोज सहाले.

म्हणजे आवाज पोहोचून राहिला. वीस वॅटमध्ये हे झालं नसतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

गौतमच्या घरी पहिली तालीम. त्याच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथे. एकूण आठ गाणी. बाकी तिघं तयार आहेत, पण एकमेकांले सांभाळून घेणं जमत नाही. गौतमचा ताल माझ्यापेक्षा सारखा पुढे पळते. भार्गव मी पोहोचण्याआधीच सूर बदलते. ईरानं तीनदा गाणं थांबवलं. बहुतेक गौतमसाठी.

घरी मी बसून रियाज करत होतो, इथे उभं राहावं लागलं. उभं राहिलं की बेस लोंबते आणि मान वाकवून तारा पाहाव्या लागतात. दोन तास खाली पाहून पाहून मानेची खुंटी झाली.

येताना स्कूटरवर ईरा म्हणाली, पापा, चार गानों में बजाओ, बाकी में रेस्ट. तिले माझ्या मानेची काळजी आहे.

२७ नोव्हेंबर

उठलो नाही. काल ऑफिसात ऑडिट होतं.

२८ नोव्हेंबर

उठलो नाही. ऑडिटचा थकवा.

१ डिसेंबर, रविवार

तालमीच्या मधातच बेसचा आवाज गेला. एकदम बंद. तीन आठवड्यांत वस्तू खराब होते म्हणजे काय? रागारागात दुकानात गेलो. दीपमालानं मागचं झाकण उघडलं, आतून चौकोनी बॅटरी काढली, नवी बसवली. आवाज आला. म्हणाली, अंकल, इसके अंदर बैटरी होती है. वायर लगी छोड़ दो तो खतम हो जाती है.

तीन आठवडे वायर मी काढलीच नव्हती. मी म्हटलं, हे कुठंतरी लिहून पाहिजे. तिनं खोक्यातला कागद दाखवला. लिहून होतं. पण अक्षर फार बारीक आहे.

५ डिसेंबर

रात्रीच्या जेवणाले ईरा नव्हती. विनोदिनीनं विचारलं, खरं सांगा, तुम्ही कॉलेजात बेस वाजवत होते काय?

मी म्हटलं, दीड वर्ष. ती म्हणाली, मी त्याच कॉलेजात होती. तुम्ही वायरी गुंडाळत होते. मी पहिल्या रांगेतून पाहिलं आहे.

हे अर्धसत्य आहे. मी ऑर्केस्ट्रात दीड वर्ष होतो, आणि बेसवाल्या रामटेकेले कावीळ झाली तेव्हा दोन कार्यक्रमांत मी वाजवलं. त्यातला दुसरा पावसानं रद्द झाला. पण पहिला झाला. शिवाय वायरी नीट गुंडाळणं हेही काम आहे, ते सगळ्यांले जमत नाही.

विनोदिनी म्हणाली, पोट्टीले सांगू नका हे. तिनं सगळ्यांले सांगून ठेवलं आहे की पापा बजाते थे.

पोळी गार झाली होती.

८ डिसेंबर, रविवार

तालीम. आता मी दोन गाण्यांत वाजवणार. तिसरं आणि शेवटचं. ईरानं अगदी हळू सांगतलं, हात धरून. मोठ्या वादकाले असंच वापरतात, मोजकं.

१५ डिसेंबर, रविवार

शेवटची तालीम. तिसरं गाणं एकदा पूर्ण पार पडलं. शेवटचंही जवळजवळ. मी फार दमलो आहे. बोटांवर आता घट्टे आहेत, ऑफिसात फाइल उलटताना कागद बोटांले जाणवत नाही. पण हे घट्टे मी अभिमानानं बाबारावले दाखवले. बाबाराव आमच्या सेक्शनचा बडा बाबू. तो म्हणाला, मलम लाव.

बाबाराव येणार आहे कार्यक्रमाले. अनंतरावांनाही सांगतलं. त्यांले आता समजलं आहे की कूलर नाही.

२१ डिसेंबर, शनिवार, दुपारी ३.३०

कॅफेच्या अंगणात साउंड चेक. साउंडवाला रामकृष्ण, बीरगांवचा. सकाळच्या पाळीत उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात, संध्याकाळी हे. तिशीतला, शांत. मी त्याले अर्धा तास समजावून सांगतलं की बेस कसा लागतो. मी या विषयाचे बरेच व्हिडिओ पाहिले आहेत. तो वायरी लावता लावता हव भैया, हव भैया म्हणत राहिला.

माझं सामान लावलं आणि सगळ्या स्पीकरांतून घूंऽऽ सुरू झालं. मी म्हटलं, तुझ्या मिक्सरले पाहा. त्यानं मिक्सर पाहिला नाही. सरळ माझ्या अँप्लिफायरचा प्लग काढून हातात धरला. अर्थिंगचा पिन नव्हता. तो मीच मोडला होता, घरच्या सॉकेटमध्ये जात नव्हता म्हणून. रामकृष्ण म्हणाला, भैया, ये तो करंट मार देता. मग आपल्या पिशवीतून दुसरी वायर काढून लावली. घूं थांबलं.

मग बेसची वायर त्यानं एका छोट्या डबीतून मिक्सरकडे नेली. समजावलं की स्टेजवरचा अँप्लिफायर अगदी बारीक ठेवायचा, बाहेर लोकांले किती ऐकू जाईन ते तो पाहीन, आणि माझा आवाज मले माझ्या पायाजवळच्या स्पीकरमधून येईन. त्याले ते मॉनिटर म्हणतात. मी म्हटलं, त्यात मले मी भरपूर पाहिजे. म्हणाला, हव, भरपूर.

ईरा त्याच्याशी बाजूले जाऊन काही बोलली. असन गाण्याचं.

२१ डिसेंबर, रात्री ९.४०

झालं. फार छान झालं.

मॉनिटरमधून माझा बेस असा येऊन राहिला होता की छाती भरून गेली. तिसऱ्या गाण्यात एकही चूक नाही. शेवटच्यात एका जागी हरवलो, चार मात्रांनी सापडलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. नजर मी डाव्या हातावरून हलू दिली नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवून राहिले होते.

बाबाराव म्हणाला, पोट्टीनं कमाल केली. मी म्हटलं, मागून आधार असला की गायले सोपं जाते. अनंतराव म्हणाले, आज बिलकुल त्रास झाला नाही तुमचा. रामकृष्णचा हात बसला आहे, बॅलन्स जमवला त्यानं.

सगळं सामान वर आणलं नाही, अँप्लिफायर गौतमच्या गाडीतच ठेवला. उद्या पाहू. अंग मोडून आलं आहे.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी भार्गवनं मिक्सरवरून काढलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. जे बाहेर लोकांले ऐकू गेलं तेच, म्हणाला.

तिसरं गाणं तीनदा ऐकलं. मोबाइलच्या स्पीकरवर बेस येत नाही म्हणून ईराचे मोठे हेडफोन लावले. परत ऐकलं. शेवटचंही ऐकलं.

बेस नाही.

रामकृष्णले फोन केला. रविवार असून ड्यूटीवर होता, मागून मशीनचा आवाज. मी म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये काही गडबड झाली आहे. तो मशीनपासून दूर गेला. मग म्हणाला, भैया, झूठ नहीं बोलूंगा. दीदी ने बोला था. बाहर बंद रखना, पापा के मॉनिटर में पूरा देना.

मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, बुरा मत मानना भैया. मी म्हटलं, नाही, बॅलन्स चांगला होता.

२३ डिसेंबर, सोमवार

ऑफिसले गेलो नाही. ईरा पुण्याची बॅग भरून राहिली होती. दारात उभा राहिलो. बराच वेळ तिनं वर पाहिलं नाही. मग म्हणाली, रामकृष्ण भैया का मेसेज आया था.

मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, पापा, आठ गानों की तैयारी हमने तीन महीने की थी. खराब नहीं कर सकती थी. और आपको मना भी नहीं कर सकती थी. मुझे आप स्टेज पर चाहिए थे.

मी म्हटलं, मग झालं की. होतो ना.

ती स्वेटरची घडी घालता घालता म्हणाली, होते. पर आपने एक बार भी मेरी तरफ नहीं देखा. पूरे आखिरी गाने में मैं आप ही को देख रही थी.

मान दुखते ना खाली पाहून पाहून, असं मी काहीतरी म्हटलं आणि बाहेर आलो.

दुपारी गॅलरीत बसून पुन्हा हेडफोन लावले. पूर्ण कार्यक्रम, पहिल्या गाण्यापासून. यावेळी बेस शोधला नाही. चार आठवडे मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि मले फक्त मी ऐकू येऊन राहिलो होतो. पोट्टी गाते. म्हणजे खरंच गाते. चौथ्या गाण्यात एका जागी ती आवाज इतका खाली आणते की अख्खं अंगण चूप होते, तलावाकडची गाड्यांची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, आणि मग ती हळूच वर जाते. त्या जागी मी बहुतेक तार सुरात लावून राहिलो होतो.

स्वयंपाकघरात गेलो. विनोदिनीले विचारलं, ही एवढी चांगली कधीपासून गाऊन राहिली?

ती भाजी चिरून राहिली होती. म्हणाली, सातवीपासून.